भिशीच्या डब्यातला जॅकपॉट

कॅसिनोत संध्याकाकूंच्या पुढ्यात लागोपाठ तिसरा एक्का पडला आणि शेजारशेजारच्या दोन टेबलांवर बसलेली पार्सिपनी गावची मराठी मंडळी खुर्च्या मागे सारून उठली. कुणी काकूंचे खांदे धरले, कुणी पत्त्यांना हात लावून नमस्कार करायला गेलं. तो हात डीलर बाईने हवेतच अडवला. टेबलाच्या वर लाल आकड्यांचा फलक झळकत होता : अठ्ठ्याण्णव हजार सहाशे बारा डॉलर. आणि या सगळ्या गलबल्याच्या मागे, डोळे मिटून, उजवा तळवा फलकाच्या दिशेने धरून, पुरुषोत्तमकाका उभे होते.

"सकाळी बसमध्येच सांगितलं होतं," ते डोळे न उघडता म्हणाले, "आज लक्ष्मी तीन पावलं चालेल. चौथं तिने राखून ठेवलंय."

टेबलाच्या टोकाला बसलेला निमिष तेवढा उठला नाही. पुण्याहून येऊन त्याला दोन वर्षं झाली होती. एका कंपनीत तो सॉफ्टवेअर टेस्टिंग करत असे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका तो दिवसभर मुकाट्याने शोधी आणि संध्याकाळी घरी येऊन तितक्याच मुकाट्याने खिडकीबाहेरच्या मेपलची पानं गळताना पाही. चारचौघांत बोलायची वेळ आली की तो काहीतरी निमित्त काढून उठून जाई. शनिवारचा एकटेपणा सोसवत नाही म्हणूनच केवळ तो गेले तीन महिने दर शनिवारी या मिनीबसमध्ये बसत होता.

ब्लॅकजॅकचा डाव तिथे नेहमीसारखाच चाले : एकवीसच्या जवळ पोचायचं, पुढे जायचं नाही. पण प्रत्येक खेळाडूपुढे टेबलात एक खाच होती. तिच्यात जादा एक डॉलरचं नाणं टाकलं की लाल दिवा लागे. मग पहिला पत्ता एक्का आला तर तीन डॉलर, पहिले दोन्ही एक्के तर पंधरा, तीन आले तर दोनशे, चार आले तर दोन हजार. आणि चारही एक्के एकाच रंगाचे, सगळे लाल किंवा सगळे काळे, तर फलकावरचा अख्खा आकडा. खाचेत पडणाऱ्या प्रत्येक डॉलरातले काही सेंट त्या आकड्याला जाऊन मिळत. तो उतरत कधीच नसे, चढतच असे.

ही नाणी काका आधी स्वतःच्या ओंजळीत घेत, त्यांच्यावर फुंकर घालत आणि 'सिद्ध' करून परत देत. जिंकलं तर चौथा हिस्सा दक्षिणा. हरलं तर काका एक पैसाही घेत नसत, फक्त सुस्कारा सोडून म्हणत, "मनात शंका होती तुझ्या." शंका कुणाच्या मनात नसते? हरलेला माणूस खाली मान घालून मान्य करी. काका स्वतः कधी खेळले नाहीत. सिद्धाने स्वतःसाठी मागायचं नसतं म्हणे.

त्या दुपारी निमिष पाणी आणायला उठला आणि वळणाशी थबकला. कॅसिनोचा कोट घातलेला एक माणूस काकांच्या हातात जेवणाची कूपन्स आणि एक पाकीट ठेवत होता. "फोर्टीन टुडे," तो हसून म्हणाला, "नेक्स्ट टाइम ट्वेंटी, सर?" माणशी दर ठरलेला होता. काकांनी पाकीट खिशात घातलं आणि त्याच हाताने, दोन मिनिटांनी, संजीवच्या डोक्यावर आशीर्वाद ठेवला.

निमिष पाणी न घेताच आपल्या जागेवर परतला.

संजीव त्याच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर राही. दोन हजार दोनच्या त्या उन्हाळ्यात कंपनीने एका सकाळी तीसजणांना खोके देऊन बाहेर काढलं, त्यात संजीव होता. त्याच्या बायकोला, हिमानीला, आता सहावा महिना लागला होता. नोकरी गेल्यावरही विमा चालू ठेवायचा तर महिन्याला नऊशे डॉलर भरावे लागणार होते. बाळंतपणापर्यंतच्या चार हप्त्यांचे छत्तीसशे त्यांनी घरात रोख बाजूला काढून ठेवले होते.

परतीच्या वाटेवर पार्कवेच्या दुतर्फा पाइनची झाडं मागे पळत होती. काका संजीवला समजावत होते, बस ऐकत होती.

"अरे, ही भिशीच आहे. आपल्या संध्याताईंच्या घरची लहान, ही मोठी. वर्षानुवर्षं लोक डब्यात घालतायत, उचलली कुणी नाही. म्हणजे नंबर कुणाचा तरी लागायचाच आहे. आकड्यालाही जीव असतो, संजीव. लाखाच्या उंबरठ्यावर तो गर्भार असतो. तुझ्या घरातही तोच योग, तिथेही तोच. असं उगीच जुळतं का?"

"पण काका, छत्तीसशे म्हणजे—"

"तुझ्या नावाने महासंकल्प सोडू. पुढच्या शनिवारी चौदाही जण तुझीच नाणी टाकतील. उद्या भिशीला घेऊन ये, मी सिद्ध करतो."

संजीवने मान हलवली. दोन महिन्यांत कुणीतरी त्याच्याशी इतकं खात्रीने बोललेलं पहिल्यांदाच घडत होतं. त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता उतरली ती पाहून निमिषला काकांची अधिक किळस आली, की तीन महिने तोंड मिटून बसलेल्या स्वतःची, हे त्याचं त्यालाच ठरवता येईना.

रात्रभर तो कागदावर आकडे मांडत बसला. सकाळी वर जाऊन त्याने हिमानीचं दार वाजवलं. संजीव आंघोळीला गेला होता. निमिषने पाकिटाबद्दल सांगितलं, कागद दाखवला. तिने तो दोनदा वाचला.

"हे तू तिथे बोलशील?"

"जमणार नाही मला."

"मग मी पत्ते वाटते," हिमानी म्हणाली, "तू फक्त उत्तरं दे."

रविवारी दुपारी संध्याकाकूंच्या दिवाणखान्यात चौदा भिशीकर गोल बसले होते. मधे बेसनलाडवांचा रिकामा डबा, त्यात चिठ्ठ्या. सोफ्यावर काका, त्यांच्यापुढे तबकात संजीवच्या नोटा, हळदकुंकवासकट. ओंजळ भरणार तोच हिमानी पुढे आली. तिच्या हातात पत्त्यांचे सहा कॅट होते, कॅसिनोच्या दुकानात वापरलेले पत्ते भोक पाडून विकतात तसले.

"काका, फुंकर जरा थांबवा. आधी एक खेळ खेळू. बिनपैशांचा."

"मुली, देवाची परीक्षा घेऊ नये."

"देवाची नाही हो, पत्त्यांची."

तिने सहाही कॅट मिसळले आणि प्रत्येकाला एकेक पत्ता वाटला. दारात बसलेले एक गृहस्थ ओरडले, "एक्का आला." हिमानीने विचारलं, "कोणी सिद्ध केला होता?" लोक हसले. दुसऱ्या फेरीत कुणालाच आला नाही. तिसऱ्यात दोघांना. चौथ्यात पुन्हा एकाला, आणि तो निघाला संध्याकाकूंचा.

"बघा, मला न फुंकताही येतोय," काकू स्वतःशीच म्हणाल्या, आणि हसू विरून गेलं.

"सहा कॅटांत चोवीस एक्के," निमिष म्हणाला. त्याचा आवाज कापत होता; तो गालिच्याकडे बघूनच बोलत होता. "तेरा पत्त्यांमागे एक. आपण बसतो चौदा. दर फेरीला सरासरी एकाला येणारच."

"आणि कालचे तीन एक्के?" काकांनी आवाज चढवला. "तेही सरासरी का?"

"हो. अडीच हजार हातांत एकदा तीन येतात. आपण चौदा जण, तासाला साठेक डाव, पाच तास. बेचाळीसशे हात होतात. दर ट्रिपला कुणाला तरी ते येणार. आले नाहीत तरच नवल. तुम्ही फक्त नाव घेत नाही, काका. कुणाला, ते कधीच आधी सांगत नाही."

काकू हलकेच म्हणाल्या, "अरे पण बक्षीस तर खरंच मिळालं ना?"

"काकू, त्याच दिवशी आपण सगळ्यांनी मिळून खाचेत बेचाळीसशे डॉलर टाकले. परत आले अंदाजे साडेसतराशे. बाकीचे चौदा जणांच्या शंकांमध्ये गेले."

"यार, पण जॅकपॉट," संजीव कळवळून म्हणाला. "लाखावर आलाय. भिशीसारखा कधीतरी—"

निमिषने लाडवांचा डबा उचलला. "भिशीत नंबर लागतो, कारण निघालेली चिठ्ठी आपण बाहेर ठेवतो. दर महिन्याला डबा हलका होतो, म्हणून शेवटच्यालाही मिळतं. तिथे पत्ते पुन्हा पुन्हा मिसळतात. निघालेली चिठ्ठी परत डब्यात. आणि डब्यात चौदा चिठ्ठ्या नाहीत, तीन लाख एक्याण्णव हजार आहेत, आपली एक. वर्षभर कुणाला मिळालं नाही म्हणून तुझी चिठ्ठी वर येत नाही. पत्त्यांना मागचं आठवत नाही, संजीव."

"माझ्याकडे छत्तीसशे डॉलर आहेत."

"तर शंभरात एकसुद्धा संधी नाही. आणि एकवीसशे जाणार, हे जवळजवळ नक्की. नुसतं ब्लॅकजॅक नीट खेळलं तर शंभरातला एखादा डॉलर जातो. या खाचेतून लाखाच्या जॅकपॉटलाही तेहतीस जातात."

"मग किती झाला की खेळावं?" दारातल्या गृहस्थांनी विचारलं.

"सव्वादोन लाखांच्या वर. तेव्हा हिशेब बरोबरीत येतो, पण चिठ्ठ्या तितक्याच राहतात. तिथवर पोचायला आपला खिसा पुरत नाही."

काका उठले. चेहऱ्यावर कोप नव्हता, व्यावसायिक खेद होता. "या घरात शंका शिरली. इथे आता काही सिद्ध होणार नाही."

"काका, जाण्याआधी एक डॉलर स्वतःचा लावा," हिमानी म्हणाली. "किंवा त्या कोटवाल्या माणसाने माणशी किती दिले ते सांगा."

काकांचा हात नकळत खिशाकडे गेला. तेवढ्याने सगळ्यांना कळलं. ते चपला घालत होते तेव्हा कुणी त्यांना सोडायला दारापर्यंतही गेलं नाही.

संजीव निमिषकडे वळला. "तीन महिने तू शेजारी बसत होतास. सगळं कळत होतं तुला?"

"आकडे काल रात्री मांडले," निमिष म्हणाला. "पण हे खरं नाही, ते पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"मग?"

निमिषने लाडवांचा डबा परत जागेवर ठेवला. हिमानीने नोटांवरचं कुंकू कोरड्या फडक्याने पुसलं आणि त्या पिशवीत भरल्या. सोमवारी ती बँकेत गेली, आणि दुपारी विम्याचा पहिला चेक टपालात पडला.

त्या शनिवारी मिनीबस निघालीच. चौदांपैकी पाच जण त्यात होते. काकांनी उरलेल्या जागा दुसऱ्या गावातून भरल्या.

हे वाईट वाटण्यासारखं आहे, पण नवल करण्यासारखं नाही. जिंकलेल्याभोवती गर्दी होते, हरलेला एकटा घरी जातो, आणि भोंदूचा सगळा धंदा या दोन गोष्टींमधल्या अंतरावर चालतो. म्हणून कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करण्यापूर्वी त्याला विचारा, ज्यांना काहीच मिळालं नाही ते किती होते. आणि तुम्हाला स्वतःला ते ठाऊक असेल तर तीन महिने थांबू नका. आवाज कापला तरी चालतो.