एकदा विचारलं होतं

फेन्विकने फाटकाचं कुलूप काढलं आणि तो बाजूला झाला. कौन्सिलची बाई आत गेली, लेन गॉफ आत गेला, त्याची म्हातारी कुत्रीही शेपटी हलवत आत गेली. बेरिल प्रॉसर फाटकाशीच थांबली. फेन्विकने मान हलवली तेव्हा कुठे तिने पाऊल उचललं, आणि आत येता येता तिच्या तोंडून निघून गेलं, "थँक यू."

लेनने वळून डोळे वटारले.

"अगं, त्याला कसलं थँक यू? कुलूप घातलं म्हणून?"

"सवय," ती म्हणाली आणि कोटाच्या खिशात हात घातला. पाकीट जागेवर होतं. सकाळपासून तिने ते कितीदा चाचपलं होतं कुणास ठाऊक.

टॅनरची राई म्हणजे चार-पाच एकर झाडं. चर्चच्या मागून सुरू होते आणि ओढ्याशी संपते. गेल्या सप्टेंबरात ती विकली गेली. घेणारा लंडनचा, त्याला गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या वतीने हा फेन्विक आला आणि आठवड्याभरात सगळीकडे तारेचं कुंपण फिरलं, 'खासगी' अशी पाटी लागली. माणूस झाडं विकत घेतो, आणि सावली, पाखरं, लोकांची पावलं सगळं बिलात आलं असं धरून चालतो.

कायदा सरळ होता. वीस वर्षं लोक एखाद्या वाटेने कुणाच्या परवानगीवाचून, न लपता, मोडतोड न करता चालले, की ती वाट सगळ्यांची होते. गावाने अर्ज केला होता. पण वीस वर्षं सलग चाललेली माणसं शोधायला गेलं तर अर्धी चर्चच्या दफनभूमीत निजलेली आणि उरलेली कालपरवा गावात आलेली. लेन स्वतः मधली सात वर्षं मुलीकडे कॅनडात. उरली बेरिल.

पबच्या मागच्या खोलीत सगळे अर्ज भरायला बसले होते, तेव्हा लेननेच बजावलं होतं, "एक ध्यानात ठेवा रे. परवानगी मागितलेली नसली पाहिजे. मागितली की खेळ खलास. आपल्यात कुणी मागितली नाही ना?"

"राईत जायला परवानगी? उद्या शिंकायलाही मागू," कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. बेरिलही हसली, चहाच्या कपात बघत. घरी येऊन तिने बाकीचा अर्ज भरला. परवानगीचा रकाना तेवढा कोरा सोडला.

आता रानलसणीवर पाय पडत होते आणि उग्र वास वर येत होता. बीचच्या झाडांना नुकती पालवी फुटलेली. निळी घंटाफुलं अजून आठवडाभर लांब होती. कौन्सिलच्या बाईचं नाव जोआना पाइक, वय तिशीच्या आतबाहेर, हातात नकाशा. ती दर वळणावर थांबून खुणा करत होती. फेन्विक मागून फोनवर फोटो काढत होता.

"बूट फक्कड आहेत, साहेब," लेन त्याला म्हणाला. "चिखलाशी ओळख करून द्या की त्यांची."

"आपण मालकाच्या परवानगीने आत आहात, मिस्टर गॉफ. एवढं लक्षात असू द्या."

'परवानगी' शब्द ऐकताच बेरिलने पुन्हा पाकीट चाचपलं.

तिच्या डोळ्यांपुढे गॅरेथ आला. त्रेचाळीस वर्षांचा तिचा मुलगा, शहरातल्या संस्थेत राहणारा. दर रविवारी ती त्याला आणायची आणि दोघं या राईत यायची. दुसरीकडे कुठेही तो चालत नाही. बागेत कानांवर हात घेतो, दुकानात जमिनीवर बसतो. इथे मात्र हेझलच्या प्रत्येक झाडाला हात लावत ओढ्यापर्यंत जायचा. तारेचं कुंपण आल्यापासून रविवारी तो गाडीतून उतरतच नव्हता. फेब्रुवारीत त्याने स्वतःच्या मनगटाचा चावा घेतला होता. चार टाके पडले.

पडलेल्या एका ओंडक्याशी जोआना थांबली.

"मिसेस प्रॉसर, तुमच्या अर्जात एक रकाना राहिलाय. या वाटेने यायला तुम्ही कधी कुणाची परवानगी मागितली होती का?"

फेन्विकने फोन खिशात टाकला आणि दोन पावलं पुढे आला. लेन कुत्रीच्या पट्ट्याशी काहीतरी करत बसला.

'नाही.' एवढं म्हटलं की झालं. जुने मालक मेजर थर्सबी जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांच्या घराचं हॉटेल झालं, कागदपत्रं कचऱ्यात गेली. कोण विचारायला येणार? शब्द तिच्या ओठांवर आला. पण त्या बाईने पेन टेकवून ठेवलं होतं आणि खाली सही बेरिलचीच होती.

"मागितली होती," ती म्हणाली. "एकदाच."

वर कुठेतरी पारवा फडफडला.

"बेरिल!" लेन म्हणाला. "काय बोलतेस तू?"

"लिहून घ्या, मॅडम," फेन्विक म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच गोड झाला होता.

"तोंडी मागितली?"

"चिठ्ठी लिहिली. मी मेजरांकडे कामाला होते. धुणं, इस्त्री, साफसफाई. तोंडावर विचारायची छाती नव्हती. गॅरेथ सात वर्षांचा होता, रात्र रात्र ओरडायचा. एकदा वाट चुकून इथे आलो आणि तो गप्प झाला. मला वाटलं, रीतसर विचारावं."

"त्यांनी उत्तर दिलं?"

बेरिलने पाकीट काढून त्यातलं मेजरांचं पत्र पुढे केलं. घडीवर कागद विरला होता. जोआनाने तो दोन बोटांत धरून वाचला. मग पुन्हा वाचला, या वेळी मोठ्याने.

"'मिसेस प्रॉसर, राई फिरण्यासाठी नाही. मुलाला रस्त्याच्या कडेने न्यावे. शिकारीसाठी पाळलेले पक्षी बिथरतात. गुरुवारी चांदीची भांडी घासायला विसरू नये.'"

लेनने टोपी काढून पुन्हा घातली.

"म्हणजे ते नाही म्हणाले," जोआना म्हणाली.

"हो."

"मग तुम्ही काय केलंत?"

"गुरुवारी चांदी घासली." बेरिलने चिखलातल्या स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "आणि शुक्रवारी गॅरेथला घेऊन इथे आले."

"लपून?"

"लपून कशी येणार? तो चालताना गातो. ओढ्यापलीकडे ऐकू जातं. मेजर वरच्या खिडकीत उभे राहून बघायचे. नंतर ते कधी बोलले नाहीत, मीही नाही. त्यांच्या शर्टांना इस्त्री करत राहिले. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. छत्तीस वर्षं वाटत आलं, आज धरतील, उद्या धरतील."

"मला तरी सांगायचंस," लेन म्हणाला.

"तुला? तुझ्या तोंडाला फाटक तरी आहे का?"

"म्हणजे मनाई मोडून आलात," फेन्विकचा गोडवा संपला होता. "मॅडम, हेही लिहा."

"लिहितेय." जोआना बराच वेळ लिहीत होती. "परवानगी मागितली. मिळाली नाही, म्हणजे परवानगीने चालल्या असं होत नाही. तरी उघडपणे चालत राहिल्या. पुढचं वर ठरेल. मिसेस प्रॉसर, तुम्ही आत कुठून यायचात?"

ती त्यांना चढावर घेऊन गेली. हॉलीच्या काटेरी झुडपांच्या कुंपणात एक खिंडार होतं, त्यात चढून यायला आडवी ओकची फळी. फळीच्या अलीकडून फेन्विकची नवी तार गेली होती, कमरेइतकी. फळी शेवाळाने हिरवी झाली होती. मधला तळहाताएवढा भाग तेवढा काळा, नितळ, गुळगुळीत.

"हे काय?"

"गॅरेथ. चढायच्या आधी तीनदा हात फिरवतो. नाही फिरवला तर चढत नाही."

जोआनाने तारेवरून हात घालून त्या जागेवर तळवा ठेवला. क्षणभर तसाच ठेवला. मग फोटो काढला.

"हे पत्र मला नेता येईल का?"

बेरिलने कागद तिच्या हातातून घेतला आणि घडी केली.

"फोटो काढा हवे तेवढे. कागद मिळणार नाही."

बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

फाटकाशी फेन्विक कुलूप घेऊन खोळंबला होता. बेरिल त्याच्या समोरून बाहेर पडली. रस्त्याला लागल्यावर ती एकाएकी जोआनाकडे वळली.

"रविवारी गॅरेथला..." तिने सुरुवात केली.

"काय, मिसेस प्रॉसर?"

जोआना वाट बघत होती. मागे कुलूप खटकन लागलं. बेरिलने एकदा वर हॉलीच्या कुंपणाकडे पाहिलं, आणि विचारायचं ते तोंडातच गिळलं.

"काही नाही. रविवारी पाऊस नसला म्हणजे झालं. ओली फळी त्याला आवडत नाही."