गोलच्या मागचा खोकला

समोरची पोरगी पेनल्टी मारायला धावत निघाली आणि गोलच्या मागून कुणीतरी खोकलं. दोनदा. चिमणीने उजवीकडे झेप घेतली, चेंडू तिच्या पंजाला लागून खांबाबाहेर गेला, आणि कॉलेजच्या पोरींनी मैदान डोक्यावर घेतलं.

"हा माणूस प्रत्येक पेनल्टीला खोकतो!" समोरच्या टीमचे सर तावातावाने रेफरीकडे आले. "ही सरळसरळ खूण आहे!"

रेफरीने गोलमागे पाहिलं. एक किडकिडीत माणूस खांद्यावर ग्रीसचे डाग पडलेला नॅपकिन टाकून, चेहरा अगदी भोळा करून उभा होता.

"आता खोकायलाही बंदी घालू का मी?" रेफरी म्हणाला.

खूण होतीच, खोटं कशाला बोला! एकदा खोकला की डावीकडे, दोनदा खोकला की उजवीकडे. चिमणीचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. पण बंद दाराला कान लावून लिफ्टचं नेमकं काय बिघडलंय ते सांगणारा माणूस तो. लेक सातवीत गोलमध्ये उभी राहायला लागली तेव्हापासून एकही मॅच चुकवली नव्हती, आणि मागे उभं राहून राहून त्यांनी एक गोष्ट हेरली होती. मारणारी शेवटचं पाऊल टेकवते ना, त्या पायाचा चवडा जिकडे, तिकडेच चेंडू जातो. चिमणीला हे कळत नव्हतं असं नाही. पण पेनल्टी म्हटली की तिची नजर चेंडूवरून हटायची नाही.

"मग तू चेंडूकडे बघ," बाबा म्हणाले होते. "पायाकडे मी बघतो."

झालं, ठरलं! कॉलेजच्या तीन वर्षांत चिमणीने अकरा पेनल्ट्या अडवल्या. चिमणी हे घरातलं लाडाचं नाव. तशी बाई चांगली ताडमाड, दारातून वाकून जाणारी. टीममधल्या पोरी तर बाबा दिसले की ओरडायच्या, "काका, आज घसा ठीक आहे ना?" बाबा लाजून नॅपकिन या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकायचे.

फायनल दोन दिवसांनी होती. एका मोठ्या व्यावसायिक क्लबच्या निवड करणाऱ्या बाई बघायला आल्या होत्या. चिमणीला रात्रभर झोप नव्हती. शेवटच्या पाच मिनिटांत, बरोबरी असताना, पेनल्टी गेली विरोधात. मारणारी धावत निघाली. मागून खोकला आला. एकदा. चिमणीने डावीकडे अंग झोकून दिलं, आणि चेंडू उजवीकडून आरामात आत गेला.

तिने वळून पाहिलं. बाबा कमरेत वाकले होते, नॅपकिन तोंडाशी धरला होता आणि दुसरा हात वर करून 'नाही, नाही' असा हलवत होते. हे तिने नीट पाहिलं होतं. पुढे कितीही म्हटलं तरी पाहिलं नव्हतं असं तिला म्हणता आलं नाही.

बाहेर बसपाशी सगळ्या टीमदेखत ती बाबांवर तुटून पडली.

"एवढं एकच काम होतं तुमच्याकडे! एवढं एकच!"

"चुकलं गं, चिमणे."

"चुकलं म्हणे! माझं सगळं गेलं त्यात. यापुढे माझ्या मॅचला येऊ नका तुम्ही. कधीच येऊ नका."

बाबांनी खांद्यावरचा नॅपकिन काढला, त्याची चौकोनी घडी केली आणि खिशात ठेवली.

"बरं," ते म्हणाले. "नाही येणार."

आणि गंमत बघा, तिचं काहीच गेलं नव्हतं! आठवड्याने त्या क्लबच्या बाईंचाच फोन आला. "पेनल्टी अडली काय, न अडली काय. मी तुझी बाकीची नव्वद मिनिटं बघत होते. तीन महिने ट्रायलवर ये." बसने चार तासांवरचं शहर, क्लबचं हॉस्टेल, एका खोलीत तिघी जणी. चिमणी बॅग भरून निघाली तेव्हा बाबा कामावर होते. की मुद्दाम गेले होते, देव जाणे.

रोज संध्याकाळी त्यांचा फोन यायचा.

"जेवलीस?"

"हो."

"गुडघ्याला पट्टी बांधतेस ना?"

"हो, बाबा."

"बरं, ठेव आता. दमली असशील."

मॅचचं नाव ते काढायचे नाहीत. माफीचे शब्द रोज तिच्या जिभेवर यायचे आणि रोज उद्यावर जायचे. एकदा फोनवर त्यांना ढास लागली, थांबेचना. "खोकताय कशाने?" तिने विचारलं. "अगं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. धूळ," बाबा म्हणाले. तिने तेवढ्यावर सोडून दिलं. कसं सोडून दिलं असेल, याचं तिला पुढे राहून राहून नवल वाटलं.

ट्रायल संपली, करारावर सही झाली, लीगच्या पहिल्याच मॅचला गोलमध्ये तीच उभी राहणार हेही ठरलं. ऑफिसातून घरच्यांसाठी दोन पास मिळाले. ते घेऊन ती तडक मैदान सांभाळणाऱ्या मामांकडे गेली.

"मामा, गोलच्या मागे एक माणूस उभा करायचाय."

"तिथे फोटोवाले असतात फक्त. कोण माणूस?"

"माझे बाबा."

मामांनी डोकं खाजवलं. "बघतो काहीतरी. पण गप्प उभं राहायला सांग हं त्यांना."

किती दिवसांनी ती खळखळून हसली! शनिवारी सुट्टी होती. घरी जायचं, पास बाबांच्या हातात ठेवायचा आणि म्हणायचं, मी गाढव आहे, बाबा, चला. फोनवर नाही सांगायचं. त्यांचा चेहरा बघायचा. तिने सगळं मनात घोकून ठेवलं होतं.

गुरुवारी सकाळी आईचा फोन आला. बाबा पहाटेच गेले होते.

फुप्फुसं कधीचीच खराब झाली होती म्हणे. वर्ष तरी झालं असेल, डॉक्टर म्हणाले. चिमणीने बाबांच्या पायाशी बसून मागे मागे हिशेब लावला. फायनलला पाच महिने झाले होते. तो खोकला खूण नव्हताच. तो खरा होता. आणि बाबांनी तोंडातून ब्र काढला नव्हता, चुकलं गं एवढंच म्हणाले होते.

क्लबने पंधरा दिवसांची रजा दिली. तिसऱ्या मॅचला ती गोलमध्ये उभी राहणार होती. आई एकटीच आली. फाटकापाशी चिमणीने तिला पास दिला, तेव्हा आईने पिशवीतून तो नॅपकिन काढला. धुतला होता, पण ग्रीसचे डाग तसेच होते.

"हा बरोबर आणला," आई म्हणाली. "तुझ्या ट्रायलच्या मॅचना यायचे ते. तीनदा आले."

"बाबा? मला कधी दिसले नाहीत!"

"दिसतील कसे? कुंपणाच्या बाहेर, झाडाआड उभे राहायचे. शेवटच्या वेळी मी होते ना सोबत. हा असा तोंडात कोंबून ठेवलेला, अख्खी मॅचभर. मी म्हटलं, अहो, गुदमराल. तर म्हणाले, तिला खोकला ऐकू गेला तर पोरगी चुकेल."

आत शिट्टी झाली. आईनेच तिला दंडाला धरून फाटकाकडे वळवलं. "जा. उशीर होईल तुला."

मॅच ती चांगली खेळली. खेळावंच लागतं, पगारी नोकरी ती. शेवटच्या मिनिटापर्यंत एकही गोल आत गेला नाही. मग कुणाचा तरी हात लागला आणि पेनल्टी मिळाली समोरच्यांना.

चिमणी दोन खांबांच्या मधे उभी राहिली. मागे फोटोवाले होते, आणि त्यांच्या शेजारी एका माणसापुरती जागा मोकळी होती. मामांना कुणी निरोप दिला नसावा. त्यांनी ती राखून ठेवली होती.

मारणारी धावत निघाली. आयुष्यात पहिल्यांदा चिमणीने चेंडूवरची नजर काढून पायाकडे नेली. शेवटचं पाऊल टेकलं. चवडा उजवीकडे होता. स्वच्छ दिसलं तिला, अगदी बाबा सांगायचे तसं. पण अंग काही उचललं जाईना. ते आपलं थांबूनच राहिलं. चेंडू उजवीकडून, हाताच्या अंतरावरून, आत गेला.

कॅप्टन धावत आली. "अगं, हललीसच नाहीस! काय करत होतीस?"

"ऐकत होते," चिमणी म्हणाली.

तिने जाळीतून चेंडू काढला, मधल्या रेषेकडे लाथाडला आणि वर प्रेक्षकांत पाहिलं. सगळे उठून आरडाओरडा करत होते. आई तेवढी खाली बसलेली होती, तोंडात नॅपकिन कोंबून. हुंदका लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून.