कुंपणाकडची ओळ

"हीच एक ओळ अशी का, डॉन सेव्हेरो?" लॉरीने अक्रोडाच्या कुळातल्या पेकनची फांदी खाली ओढली. शेंड्याला उंदराच्या कानाएवढ्या पिवळट पानांचा झुबका होता. "बाकी बाग कशी हिरवीगार आहे. आणि ही बघा, जन्माची उपाशी."

"खाली चुनखडी आहे," सेव्हेरो म्हणाला.

"चुनखडी तर सगळ्या खोऱ्यात आहे."

लॉरी मालकाची पुतणी, बागेचा कारभार यंदाच तिच्याकडे आला होता. पोरगी वाईट नव्हती, फक्त तिला डोळे होते आणि ती ते वापरत होती.

"पानं तपासून आणलीत मी," ती म्हणाली. "या ओळीत झिंक जवळजवळ नाहीच. गुरुवारी फवारणी आहे ना, तेव्हा मी इथं उभी राहते. यातूनही सुधारली नाही, तर काका म्हणतात हिवाळ्यात उपटून टाकू."

ती गेल्यावर सेव्हेरो तिथंच खोडाला टेकून बसला. रिओ ग्रांदे नदीच्या काठची ही माती मोठी चिकट. झिंक, म्हणजे जस्त, तिच्या पोटात असतं, पण मुळांना कणभर सोडत नाही. म्हणून वसंतात पालवी फुटली की पानांनाच पाजावं लागतं. जुनं पान नव्या पानाला त्यातलं काही देत नाही, त्यामुळे पंधरवड्याने पुन्हा ट्रॅक्टरला फवारणीचा ब्लोअर जोडा, पुन्हा टाकी भरा. उभा जन्म यातच गेला आणि आता त्याला या कामाचा खरोखर वीट आला होता.

कुंपणापलीकडे बागेनेच राहायला दिलेलं त्याचं घर होतं. अंगणात त्याच्या बायकोचं, ओतिलियाचं पीचचं झाड. मेक्सिकोत, चिवावाला तिच्या आईच्या परसात जे पीच होतं, त्याच्या कोयीचं. आई गेली, भावांनी घर विकलं, परस बुजलं. उरलं ते हे एवढंच. आणि फवाऱ्यातलं जस्त पेकनला अमृत, तर पीचला विष.

रात्रीच्या जेवणाला ओतिलियाने घेवडा वाढला.

"गुरुवारी कुंपणाकडच्या ओळीवर मारायचंय," तो म्हणाला.

"मग मार की. रडकी झाडं मेली! तिथं तुझ्या हाताला यशच नाही, म्हाताऱ्या."

"मी तिथं मारतच नाही."

ती तव्यावरची पोळी उलटायची थांबली.

"एकदा तुझ्या पीचची सगळी पानं गळली होती, आठवतं? त्यानंतर त्या ओळीत शिरलो की मी फवारा बंद करतो."

"मला तर म्हणालास, वारा बघून मारतो."

"म्हणालो खरा."

"म्हणजे माझ्या पीचच्या मुरंब्यापायी ती झाडं इतकी वर्षं उपाशी? मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर मार म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते." पोळीचा करपट वास आला, तशी तिने ती उचलून त्याच्याच ताटात टाकली. "आणि वर तुला शिव्याही दिल्या असत्या."

त्याने करपलेली पोळी खाल्ली. मग म्हणाला, "लॉरीला खरं काय ते सांगून टाकतो."

"काही नको. पोरगी चांगली आहे, मारू नका, राहू दे तुमचं झाड म्हणेल. मग बसा जन्मभर तिचे उपकार फेडत. घर त्यांचं, पाणी त्यांचं, आता झाडही त्यांच्याच मेहेरबानीवर? तू मार."

गुरुवारी पहाटे वारा पडलेला होता. लॉरी ओळीच्या टोकाला गाडीपाशी उभी राहिली. सेव्हेरोने ट्रॅक्टर आत घातला आणि सवयीने हात खालच्या झडपेकडे गेला. कुंपणाच्या बाजूचा फवारा बंदही झाला. मग त्याने तो पुन्हा उघडला. पांढुरकं धुकं झाडांवरून उठलं आणि सावकाश कुंपण ओलांडून गेलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परत वळताना त्याला ओतिलिया दिसली. त्याचा जुना रेनकोट घालून ती पाइपने पीच धूत होती. नळाला जोर नव्हता. ती टाचा उंच करून एकेक फांदी भिजवत होती.

"ओतिलियाबाई एवढ्या सकाळी झाड का धुतायत?" लॉरीने विचारलं.

"धूळ फार बसते," सेव्हेरो म्हणाला.

आठवड्याभरात वरची पानं गळली. पाणी पोचलं तिथवर झाड हिरवं राहिलं. त्याच्या वर नुसत्या काड्या आणि सुपारीएवढे उघडे पीच. पलीकडे पेकनला मात्र तळहाताएवढी पानं फुटली. लॉरीने एक पान तोडून आणून त्याला दाखवलं. ओळ आता कोणी उपटणार नव्हतं. पान खरंच सुरेख होतं आणि ते पाहून आपल्याला बरं वाटतंय याचीच त्याला लाज वाटली.

पुढच्या फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ओतिलिया भांडी घासता घासता म्हणाली, "या वेळी शिडी आणून ठेव."

"तुझे गुडघे?"

"माझे गुडघे मी बघेन."

सेव्हेरोने शेडमधली शिडी आणून पीचला लावली, हलवून पाहिली, तरी मन मानेना म्हणून दोरीने बुंध्याला घट्ट बांधली. ती चढेल तेव्हा शिडी धरायला तो नसणार होता. तो कुंपणापलीकडे ट्रॅक्टरवर असणार होता.