बुडणार नाही असा शनी

नियम असा होता. दिवाळीनंतर तलावात महाजाळ पडलं, की त्या दिवशीच्या सगळ्यात मोठ्या रोहूचं डोकं सगळ्यात मोठी थाप मारणाऱ्याला. वाटे पडायच्या आधी काठावर बसून थापा मारायच्या, म्हाताऱ्या मुखरूनं निकाल द्यायचा. अट एकच: थाप सोळा आणे खोटी हवी. विळी चालायच्या आत कोणी ती खरी ठरवली, तर मारणारा बाद.

लटारूनं हे डोकं ओळीनं अकरा वर्षं घरी नेलं होतं.

साल त्रेपन्न. जाळ्यात सापडलेली मगर त्याला मामा म्हणाली.

साल चोपन्न. वैनगंगा आटली, तेव्हा मासे बैलगाडी करून आपले आपणच आरमोरीच्या बाजारात आले.

साल पंचावन्न. थाप कोणालाच आठवत नाही. मुखरू हसता हसता पाण्यात पडला, एवढंच आठवतं.

साल छप्पन.

लटारूची अस्वलाची थाप झकास झाली. डोकं आपलंच, असं समजून तो हात धुवायला उठला. तेवढ्यात इस्तारीची बायको गोकुळा मासे निवडता निवडता म्हणाली, "आकाशातला शनी हाये ना, तो पृथ्वीहून कितीतरी मोठा. पन तेवढा तलाव सापडला आन् त्यात शनी टाकला, तर तो बुडनार नाई. तरंगन."

काठावर एकदम हशा.

"ज्याले तेल वाहून वाहून आमी थकलो," मुखरू डोळे पुसत म्हणाला, "तो भोपळ्यावानी तरंगते?"

"आन् आपन बसलो हाओत ना, बसल्या बसल्या सूर्याभोवती पळून राह्यलो. एका सेकंदात अठरा मैल."

मुखरूनं दोन्ही हातांनी जमीन धरली. "हळू चालव माय. मी म्हातारा हाओ."

लटारूचं डोकं

(म्हणजे रोहूचं)

चाललं होतं. पण त्याला आठवलं: मागच्या बाजारी गोकुळा मुरमुऱ्याची पुडी सोडून अक्षरं लावत बसली होती. प्रौढवर्गात जायला लागल्यापासून ती दिसेल ते वाचायची. पुडी शाळेच्या पुस्तकाची होती. म्हणजे छापील. म्हणजे खरं.

"बाद करा तिले," तो ओरडला. "हे खरं हाये."

"लटारूभाऊ, तब्येत बरी हाये ना?" इस्तारी म्हणाला. "खऱ्याची बाजू तू काऊन घेऊन राह्यला?"

"पुडीवर होतं, पन खरं कुठचं?" गोकुळा म्हणाली. "छापनाऱ्यानंबी फेकलीच असन."

मुखरूनं विळी जवळ ओढली. "थांबा, विळी चालवू नोका," म्हणत लटारू ओल्या धोतरानं शाळेकडे पळाला आणि मधल्या सुट्टीतल्या गुणवंतराव मास्तरांना हाताला धरून घेऊन आला. त्यांच्या बोटांवर खडू तसाच होता.

"सांगा मास्तर. शनी तरंगते का नाई?"

"तरंगेल," मास्तर म्हणाले. "तो पाण्याहून हलका आहे. पृथ्वीचे अठरा मैलही खरे."

लटारूनं मांडीवर थाप मारली. पण इतकी माणसं इतकं कान देऊन मास्तरांचं कधी ऐकत नसत, त्यामुळे ते थांबेचनात. "आत्ता अंगावर पडलेलं ऊन सूर्यावरून आठ मिनिटांपूर्वी निघालंय. गुरू ग्रहावर दिवस आणि रात्र मिळून दहा तासही भरत नाहीत. आणि हा बारा शेरांचा रोहू चंद्रावर नेलात, तर हाताला दोनच शेरांचा लागेल."

"ऐका," लटारू प्रत्येक वाक्याला म्हणत होता. "ऐका." चंद्रावरच्या रोहूपाशी त्याला कळलं की इस्तारी हसून गवतात लोळतोय.

मुखरूनं गंभीरपणे रोहूचं डोकं वेगळं केलं. "लटारूची एक. गोकुळाच्या दोन. मास्तरनं गोकुळाच्या दोन घेतल्या, वरून तीन मारल्या, आन् एकदाबी हसला नाई."

डोकं मास्तरांच्या हातात आलं.

"अहो, पण हे सगळं खरं आहे," मास्तर म्हणाले.

"सहा," मुखरू म्हणाला.

"बाद करा, तो खरं बोलून राह्यला," लटारू कळवळून म्हणाला. पण मास्तरांचं खरं ठरवायला मास्तरांहून शिकलेला माणूस गावात नव्हता. वाटे पडले. लटारूच्या वाट्याला शेपटी आली.

मास्तर डोकं अंगापासून लांब धरून त्याच्याशेजारी आले आणि हळूच म्हणाले, "लटारूभाऊ, मी मासळी कधी केली नाही. हे शिजवतात कसं?"

लटारूनं त्यांच्याकडे पाहिलं. शेपटी खांद्यावर टाकली.

"आधी त्याले दोन दिवस गानं ऐकवा लागते, मास्तर. नाई तर चुलीवर झोप घेते, शिजत नाई."

मास्तरांनी मोकळ्या हातानं खिशातली पेन्सिल काढली. "कोणतं गाणं?"