अकरा ते अकरा चाळीस

तो इवलासा पांढरा चौकोन फ्रॉकच्या मानेत असा काही गच्च शिवला होता, की नखकात्रीचं टोकसुद्धा आत शिरेना. त्यावर बारीक अक्षरांत छापलं होतं — मऊ, त्वचेला सुखद. आणि धागा मात्र प्लास्टिकचा. अर्धवट कापला की उरलेलं टोक काट्यासारखं उभं राहणार, तो काटा लेकीच्या मानेला टोचत राहणार, आणि मग बाराच्या सुमाराला ती फ्रॉक अंगावरून ओरबाडून काढणार — भर रस्त्यात असली तरी. म्हणून एकेक टाका उसवायचा, चिमट्याने ओढायचा, बोट फिरवून बघायचं, पुन्हा उसवायचा. ज्याने हा चौकोन शिवला त्याच्या मानेत दिवसभर असलाच एक काटा ठेवून द्यावा, असं आईच्या मनात आलं... हा आजचा पहिला राग. साडेसातसुद्धा वाजले नव्हते.

सुट्टीचा बाविसावा दिवस. अजून सव्वीस.

लेक दाराशी उभी राहून पंख्याकडे बघत होती. दहा वर्षांची, उंचीने आईच्या खांद्याला लागलेली. बोलते ती बहुतेक दुसऱ्यांची वाक्यं — ऐकलेलं जसंच्या तसं, त्याच सुरात. स्वतःचे म्हणावेत असे शब्द पंधरा-वीस. डॉक्टरांच्या कागदावर तिला स्वमग्न म्हटलंय. त्या शब्दाचाही राग येतो. कुणी शोधला असेल? स्वतःत मग्न... ही कधी होती स्वतःत मग्न? ही पंख्याच्या पात्यांत मग्न असते, नळाच्या धारेत, जिन्याच्या कठड्यावरून सरकणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यात — जगात एवढी बुडालेली, की जग तिला सोसत नाही. स्वतःत मग्न आहेत ते बाकीचे सगळे.

शाळेने सुट्टीआधी एक कागद दिला होता. वर 'सुट्टी आनंदाची', कडेला हसरा सूर्य. मुलांना घरकामात सामील करून घ्या. निसर्गात न्या. नातेवाइकांकडे पाठवा. — नातेवाइकांकडे! नणंद दरवर्षी म्हणते, पाठव की आमच्याकडे, चार दिवस मोकळी होशील. आणि तारीख विचारली की तिच्याकडे रंगकाम निघतं. दोन वर्षांत तीनदा घर रंगवलंय बाईने. आणि सगळ्यात शेवटचा मुद्दा : मुलांना भरपूर मोकळा वेळ द्या. ज्याने हे लिहिलं त्याला ठाऊक नाही, की माझ्या मुलीला मोकळा वेळ म्हणजे कठडा नसलेला जिना.

पहिले नऊ दिवस ती सात चाळीसला दप्तर पाठीला लावून फाटकाशी उभी राहत होती. बस कुठे? आज नाही बस. बस कुठे? सुट्टी आहे, बाळा. बस कुठे? असं सव्वाआठपर्यंत, मग कपाळ फाटकाच्या गजावर आपटायला लागायची. मी कपाळ आणि गज यांच्यामध्ये हात घालायचे. तळव्यावर अजून पिवळट वळ आहे. शेजारचे आजोबा फिरून परतताना म्हणायचे, शाळेची एवढी आवड? आमच्या नातवाला शिकवा जरा... आणि हसायचे. मीही हसायचे. ते हसू अजून दातांत अडकलंय.

बाकीचं वर्ष आई एका प्रयोगशाळेत रक्ताच्या काचा बघते. सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवायची, पेशी मोजायच्या, वेगळी दिसली की नोंद करायची. तिथे तिच्या नजरेला मान आहे. शंका आली की मोठे डॉक्टरही म्हणतात, बाईंना दाखवा. ती सुट्टीपुरती रजेवर निघाली तेव्हा शेजारच्या टेबलावरची म्हणाली होती, मजा आहे बाई तुमची, दीड महिना आराम...

दहाव्या दिवशी तलाव सापडला. दोन गल्ल्यांपलीकडचा पोहण्याचा तलाव, एरवी सकाळी म्हातारे आणि संध्याकाळी तरुण मुलं. अकराला जवळजवळ रिकामा. लेक पाण्यात उतरली, उताणी झाली, कान पाण्याखाली गेले, आणि तिचा चेहरा असा सुटला... तसा तो झोपेतही सुटत नाही. चाळीस मिनिटांनी भिंतीवरचं घड्याळ बघून आपली आपण बाहेर आली. लेकीला दिवसाचा क्रम कळावा म्हणून घरात चित्रांचा फळा आहे, त्यावर त्या दिवसापासून निळं कार्ड आलं. अकरा ते अकरा चाळीस. त्या चाळीस मिनिटांच्या खुंटीला सगळा दिवस टांगलेला. सकाळ म्हणजे अकराच्या आधीचं, दुपार म्हणजे अकराच्या नंतरचं. बस कुठे, हे थांबलं.

आणि बाकावर ती बाई भेटली. तिचा सात वर्षांचा मुलगा उथळ बाजूला हातपाय मारायला शिकत होता. तिने थर्मासमधला अर्धा कप चहा काही न विचारता पुढे केला. लेकीकडे बघून म्हणाली, मासोळी आहे हो तुमची. बिचारी नाही, देवाचं लेकरू नाही... मासोळी. बारा दिवस त्या दोघी शेजारी बसल्या. बाई विचारायची, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायची. कोण थांबतं? मी बोलतच गेले. आयुष्यभराचं बोलले. गेल्या वर्षी शाळेच्या व्हरांड्यात एका मुलाने हिच्या कानाशी घंटा वाजवली, वाजवतच राहिला, आणि ही त्याच्या हाताला चावली, रक्त आलं — हे मी माझ्या आईलासुद्धा सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं.

आज अकराला पाच मिनिटं कमी असताना मायलेकी तलावाच्या दाराशी पोचल्या. आतून शिट्टी ऐकू येत होती, मुलांचा गलका. खिडकीपाशी नवा फलक : उन्हाळी शिबिर, दहा ते बारा.

मॅनेजर वहीतून मान वर न काढता म्हणाला, की आता त्यांना दुपारी तीनची वेळ दिलीय, शिबिर संपेपर्यंत. तिने समजावलं. शांतपणे, असल्या वेळी आवाज कसा ठेवायचा हे ती दहा वर्षांत शिकलीय — पाठ झालेली विनवणी. एका कडेला पोहेल, कुणाच्या वाटेत येत नाही, चाळीसच मिनिटं, तिला वेळ बदललेली समजत नाही... तो ऐकत होता. माणूस वाईट नव्हता. मग त्याने आवाज खाली आणला.

"तसं नाही हो ताई. बाकीच्या पालकांना जरा काळजी वाटते. ती चावते, असं कळलंय."

चावते. एखाद्या कुत्र्याबद्दल सांगावं तसं. तिने उघड्या दारातून आत बघितलं. बाकावर बाई बसली होती, शेजारी थर्मास. इकडे बघत नव्हती — आपण इकडे बघत नाही आहोत हे कळावं इतकी बघत नव्हती.

तिला ओरडायचं होतं. पण लेकीसमोर ओरडता येत नाही. आवाज चढला की लेक कानांवर हात दाबते आणि मग स्वतःच्याच डोक्यावर बुक्के मारायला लागते. राग ही सुद्धा इतर बायकांची चैन. मला तो गिळावा लागतो, डबा भरून घरी न्यावा लागतो, आणि ती झोपली की न्हाणीघरात नळ सोडून... आणि ह्या सगळ्या विचाराला लागले असतील चार-पाच सेकंद. तेवढ्यात हातातला हात सुटला.

अकरा वाजले होते. लेक दारातून आत गेली, धावत नाही, नेहमीच्या चालीने, खोल बाजूच्या काठापाशी गेली आणि फ्रॉकसकट पाण्यात उतरली.

शिट्ट्या झाल्या. शिक्षकाने सगळ्या मुलांना वर काढलं. वीसेक पोरं कुडकुडत भिंतीला ओळीने उभी राहिली आणि अख्ख्या निळ्या पाण्यात ती एकटी उताणी तरंगत होती, फ्रॉक चहूकडे पसरलेला. मॅनेजर मागून आला.

"काढा तिला बाहेर," तो म्हणाला. आणि मग मोठ्याने, "काढा तिला बाहेर."

आता तिने म्हणायचं होतं — माफ करा. ते जिभेवर तयारच असतं. दुकानात, दवाखान्यात, जिन्यात, लग्नाच्या हॉलमध्ये... दहा वर्षांत मी किती माणसांची माफी मागितली असेल? तिने तोंड उघडलं.

"अकरा चाळीसला येईल ती. आपणहून. तोवर तुम्हाला काढायचं असेल तर तुम्ही काढा."

आवाज चढलेला नव्हता. त्याचंच तिला नवल वाटलं. ती सरळ चालत बाकाकडे गेली आणि बाईच्या शेजारी, नेहमीच्या जागेवर बसली. मॅनेजर थोडा वेळ पाण्याकडे बघत उभा राहिला, मग कुणाला तरी फोन करायला गेला.

मग बाई म्हणाली, मी तसं नव्हतं म्हटलं.

"कसं म्हटलं होतंत?"

बाई थर्मासचं झाकण फिरवत राहिली. शिबिर सुरू होतंय, गोंगाट होईल, मासोळीला त्रास होईल, एवढंच मॅनेजरला सांगायला गेली होती म्हणे. मग त्यांनी विचारलं, त्रास झाला की काय करते.

"आणि तुम्ही सांगितलंत."

"सांगितलं." बाईने मान वर केली. "मला भीती वाटली. माझा पोरगा एवढासा आहे. खोटं कशाला सांगू तुम्हाला?"

ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं. खोट्याला धरून झोडपता येतं. गैरसमज झाला, लोकांनी वाढवून सांगितलं, असं काहीतरी म्हणाली असती तर मी तिला तिथल्या तिथे... पण ती खरं बोलली, आणि माझ्या रागाखालची जमीन हाताने ओढून घ्यावी तशी घेतली. त्याचाच मग जास्त राग आला.

"मला आधी सांगायचंत," ती म्हणाली. "मी लांब नव्हते. इथे बसत होते. तुमच्या शेजारी."

बाईने मुलाकडे बघितलं. तिचा मुलगा भिंतीपाशी उभा राहून पाण्याकडे बघत होता. भीतीने नाही, आपल्याला कधी आत जायला मिळेल म्हणून, हेव्याने. एवढंच ती बघू शकली. इतर मुलांच्या चेहऱ्यांकडे बघायचं धाडस झालं नाही. ती मुलंही थंडीने काकडत होती, त्यांचंही चुकलं नव्हतं, हे तिला दिसत होतं, आणि तरी ती उठली नाही.

अकरा चाळीसला लेक बाहेर आली. ओला फ्रॉक पायांना चिकटलेला, चेहरा सुटलेला. दाराशी मॅनेजर वहीकडे बघत म्हणाला, की तीनचीही वेळ आता धरू नका. तिने ऐकून घेतलं. लेकीचा हात धरून ती रस्त्यावर आली.

घरी येईपर्यंत रस्ताभर लेक बोलत होती. "काढा तिला बाहेर. काढा तिला बाहेर." हुबेहूब मॅनेजरचा आवाज, पहिल्यांदा हळू आणि दुसऱ्यांदा मोठ्याने, अगदी तसंच. आनंदात. एका कोपऱ्यावर दोन बायका थांबून बघायला लागल्या. तिने त्यांच्याकडे वळून असं बघितलं, की त्या चालायला लागल्या.

दुपारी नवऱ्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अगं, थोडं गोडीत घ्यायचंस. निदान तीनची तरी राहिली असती." मग, मी बोलून बघू का त्यांच्याशी? मग, आता उद्याचं काय करायचं? सगळं बरोबर होतं. त्याचं नेहमी सगळं बरोबर असतं — तो ऑफिसात बसलेला असतो, तिथून बरोबर असणं सोपं. उद्या अकरा वाजणार आहेत, हे मला सांगायला फोन लागतो? ते मला इथे दिसतंय, पलंगाखाली डोकं घालून फरशीचा गारवा गालाला लावून पडलेल्या पोरीत. उद्या अकराला काय होईल ते माझ्या अंगावर होईल. रोज बोलून, चहा घेऊन, गोडीत राहून मिळालेली चाळीस मिनिटं मी एका बैठकीत घालवली. घालवली, आणि पस्तावत नाही. असं कसं? पस्तावा यायला हवा होता. ती त्याची वाट बघत खुर्चीत बसून राहिली आणि तो येईना. त्याच्या जागी भीती होती, भरपूर होती, पण पस्तावा नव्हता.

दुपार वर चढत गेली. खिडकीच्या काचा तापल्या. लेकीचा फ्रॉक दोरीवर वाळत होता. ती मनातल्या मनात सगळं पहिल्यापासून सांगायला लागली — शिट्ट्या झाल्या, बरं का, सगळी पोरं बाहेर, आणि ही आपली राणीसारखी मधोमध... मॅनेजरचं तोंड बघायला हवं होतं... आणि मी म्हटलं, तुम्हाला काढायचं असेल तर तुम्ही काढा. आवाज नाही हो चढला माझा. — वाक्यं जमत होती. कुठे थांबायचं, कुठे हसायचं ते कळत होतं. समोरचं कुणीतरी मान कलवून, मध्ये न बोलता, पूर्ण होईपर्यंत ऐकत होतं. नवरा नव्हता. आई नव्हती. नणंद तर नाहीच.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की हे आपण बाकावरच्या त्या बाईला सांगतोय.

तिने वाक्य तिथेच तोडलं. दात आवळले. राग आला, सकाळपासूनच्या सगळ्या रागांहून निराळा. हा कुणावर काढायचा तेच कळेना. ती उठली, उगाच पाणी प्यायली, परत येऊन बसली. पलंगाखालून लेक पुटपुटत होती. जरा वेळाने ते वाक्य, तोडलं होतं तिथूनच, आपोआप पुढे सुरू झालं.