पट्ट्याचा व्हिडिओ

"आई, पॅक करतानाचा व्हिडिओ काढ आणि घेणाऱ्याला पाठव. उद्या डबा रिकामाच आला म्हणाला तर?" ऋतुजानं पुण्याहून बजावलं.

विजयमालानं सासूबाईंचा चांदीचा कमरपट्टा ऑनलाइन नागपूरला विकला होता. घरातून दागिना निघताना बाकीच्या दागिन्यांसोबत देवापुढं ठेवायचा, ही सासूबाईंची रीत. एकटा निघाला की रुसतो म्हणे. तिनं सगळं सोनं देवापुढं मांडलं, पट्ट्याला हळदकुंकू वाहिलं, डब्यात घालून वर मांजरपाट शिवलं आणि जुळे सोलापूरचा आपला पत्ता ठळक लिहिला. सगळं व्हिडिओत आलं. विमा उतरवून पार्सल पोस्टात दिलं, तेव्हा कुठं तिचा जीव भांड्यात पडला.

आज दुपारी घेणाऱ्याचा फोन आला.

"ताई, पट्टा मिळाला. फार जपून पाठवलात."

"व्हय की, लेकीनं शिकवलंय," ती खुशीत म्हणाली.

"व्हिडिओत बोरमाळ दिसली. तीही घेतो."

"ती न्हाय विकायची, भाऊ."

"विकत कुठं मागतोय?" तो हसला. "आणि पोस्टाचा त्रास नको. पत्ता आहे माझ्याकडं."

विजयमाला कडी लावायला धावली. फोनमध्ये त्याच्यामागं भंगारवाल्याचा भोंगा वाजत होता. तोच भोंगा तिच्या खिडकीतूनही ऐकू येत होता.