न्यू जर्सीला न जुमानणारं घड्याळ

मी आनंदच्या डोक्यातलं घड्याळ बोलतोय. मनगटावर मिरवायचं ते नव्हे. मी डोळ्यांच्या मागे, मेंदूच्या तळाशी बसतो. आकाराने तांदळाच्या दाण्याएवढा, पण आनंद ज्या बुद्धीचा तोरा मिरवतो, ती माझ्या तालावर चालते. मेंदूच्या पेशींतल्या कितीतरी जनुकांना मी उजाडलं की कामाला लावतो, अंधार पडला की गप्प बसवतो आणि दुसऱ्यांना उठवतो. भान राखणं दिवसाचं काम. शिकलेलं पक्कं करणं, झीज भरून काढणं रात्रीचं.

माझा जन्म वर्ध्याचा, आनंदच्या आईच्या पोटातला. ती पहाटे उठायची, रात्री लवकर निजायची. तिच्याकडूनच मी ताल उचलला. पुढे वर्षानुवर्षं माझं कुणी नावही काढलं नाही, म्हणजे सगळं सुरळीत होतं.

मग आनंद पुण्यात आला. विश्रांतवाडीत भाड्याचा फ्लॅट, नम्रताशी लग्न, सोनूचा जन्म आणि कॉल सेंटरमधली नोकरी. अमेरिकनांची रडगाणी रात्रभर गोड आवाजात ऐकायची आणि स्वतःचं नाव अँडी सांगायचं. त्यात साहेबांनी दर आठवड्याला पाळी बदलायची टूम काढली. मी एका पाळीला जेमतेम रुळतो, तोवर दुसरी. जनुकांचा नुसता गोंधळ. कुणी उठायचं, कुणी निजायचं, कुणालाच कळेना.

आनंद शिकलेला इंजिनिअर. यावर त्याने शोधलेला उपाय ऐका. हॉलमधलं भिंतीवरचं घड्याळ त्याने न्यू जर्सीच्या वेळेला लावलं.

"बॉडीला आपोआप सवय होते," तो म्हणाला.

"अहो, मग दूधवाल्यालाही सांगून ठेवा," नम्रता म्हणाली. "तो अजून विश्रांतवाडीच्या वेळेला येतो."

मला काटे दिसत नाहीत, डोळ्यांतून आलेला उजेड तेवढा कळतो. पण हे त्याला कोण सांगणार? त्याने इंजिनिअरिंग केलंय ना.

रात्रपाळीहून आला की सोनूला स्कूटरवरून शाळेत सोडायचं काम त्याने हट्टाने स्वतःकडे ठेवलं होतं. बापलेकीची गाठ तेवढीच पडायची. एके सकाळी आळंदी रस्त्यावर, सिग्नलला, त्याचा डोळा लागला. सोनू पुढे उभी होती. स्कूटर कलंडली, पण शेजारी रिक्षात थांबलेल्या, ओळखीच्या शमशुद्दीनचाचांनी हँडल धरलं.

"झोपायचं तर घरी झोप रे बाबा," ते म्हणाले. "पुढे पोरगी आहे तुझी." आणि स्कूटर कडेला लावून दोघांना रिक्षातून घरी आणून सोडलं.

नम्रताने सगळं ऐकलं आणि किल्लीसाठी हात पुढे केला. "उद्यापासून सोनूला मी सोडणार."

"नमू, तिच्याबरोबर तेवढाच तर वेळ मिळतो मला."

"म्हणूनच," ती म्हणाली. "पुढेही मिळायला हवा ना."

त्याने किल्ली दिली. तेव्हापासून तो ऑफिसच्या गाडीतून उतरला की गॅलरीत येऊन उभा राहतो. खरं तर त्या वेळी पडदे ओढून आडवं व्हावं. पण गॅलरी पूर्वेची, आणि सोनू कोपऱ्यावर वळेपर्यंत हा हात हलवत राहतो. तीही दर चार पावलांवर मागे वळून बघते. ऊन थेट त्याच्या डोळ्यांत शिरतं.

मला सोनू कळत नाही. उजेड आला की सकाळ झाली, एवढंच मी जाणतो. मग दिवसभर तो कूस बदलत पडतो आणि झोपेच्या नावाने बोटं मोडतो.

त्याच्या बाकी मूर्खपणाला मी मनसोक्त हसलोय. याला मात्र हसवत नाही. त्या साहेबांना कुणीतरी सांगा, आनंदला एकच कुठलीतरी पाळी द्या. माझं तर कुणी ऐकत नाही. सोनू वळून हात हलवते, तो उन्हात डोळे मिचकावत हसतो, आणि मी नाइलाजाने त्याची अजून न लागलेली झोप मोडायला घेतो.